पन्नासची लेन्स, आठ महिने: ‘सॉफ्ट’ म्हणण्याआधी लाइव्ह व्ह्यू लावा

कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम (फोकस मोटरने होणारी), बॉडी १५००डी. १.८ हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडलंय त्याचा आकडा; आकडा लहान तेवढं तोंड मोठं. लिहायला निमित्त झालं एका दुरुस्तीवाल्याच्या आकड्याचं. १.८ला चेहरे मऊ (सॉफ्ट, किंचित धूसर) येतात म्हटल्यावर ‘बॉडी-लेन्स दोन्ही ठेवून जा, कॅलिब्रेशन करू’ (दोघांच्या फोकसची जुळणी) असं उत्तर आलं, आणि खर्च एवढा की त्यात थोडी भर घातली तर नवी लेन्स यावी. लेन्स बॉडीला लावून एक फोटोही काढून पाहिला नाही.

नेटवर तर ठरूनच गेलंय की ही लेन्स १.८ला निकामी, २.८च्या खाली जाऊच नका. पहिले चार महिने मीही तेच सांगत होतो. आता नाही.

तपासणी घरी होते, खर्च शून्य. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ १००. पुठ्ठ्यावर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवा आणि कॅमेऱ्याला समांतर एक मीटरवर उभं करा. बाजूला ३० सेंटीमीटरची पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, तिची मधली खूण पुठ्ठ्याच्या रेषेत. व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावतो ती खिडकी) फक्त मधल्या फोकस पॉइंटने १.८ला दहा फोटो काढा. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवून ठेवा, नाहीतर मोटर जागची हलतच नाही आणि दहाही फोटो एकाच चुकीचे निघतात. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघून फोकस) सुरू करून दहापट मोठं करा आणि त्याच पानाचे आणखी दहा काढा.

लाइव्ह व्ह्यूतल्या दहाही फोटोंत वर्तमानपत्रातला बारीक टाइप सुटा वाचता आला, तोही १.८ला. व्ह्यूफाइंडरच्या दहांपैकी सातांत पट्टीवरची स्पष्ट जागा पुठ्ठ्याच्या अलीकडे, कॅमेऱ्याकडे सरकलेली. म्हणजे काच ठीक, निशाणा चुकतोय. १५००डीसारख्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरचा फोकस आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर ठरतो आणि फोटो भलत्याच सेन्सरवर उमटतो. दोन्ही वाटांत किंचित फरक असला की १.८ तो लगेच उघडा पाडतं. एक मीटरवर १.८ची स्पष्ट खोली जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर. पापणीवर धरलेला फोकस नाकाच्या शेंड्यावर गेला तर दोष काचेचा कसा?

कॅननच्याच ८०डी, ९०डी बॉडींत मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे फोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सोय, आहे, उणे २० ते अधिक २०, तिथे हे घरी दुरुस्त होतं. १५००डीत ती सोय नाही. म्हणून माणूस स्थिर असेल तर लाइव्ह व्ह्यू आणि १.८, हलता असेल तर व्ह्यूफाइंडर, २.८ आणि दोन मीटर अंतर. तिथे खोली सतरा सेंटीमीटरच्या आसपास मिळते, चूक झाकली जाते. २.८चा सल्ला बरोबरच होता, कारण मात्र चुकीचं. आणि हो, १०० टक्क्यांवर बघून रडू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो साध्या मॉनिटरवर १०० टक्के म्हणजे पाच फूट रुंद पोस्टर नाकाला लावून बघणं. अल्बमच्या १२ बाय १८ला यातलं काही दिसत नाही.

माझा खरा राग पुढच्या नळीवर आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जवळ फोकस करताना आतली नळी बाहेर येते. कॅमेरा तसाच बंद केला तर ती बाहेरच राहते, आणि एसटीएममध्ये रिंगही मोटरमार्फतच चालते, त्यामुळे कॅमेरा बंद असताना रिंग फिरवून ती आत जात नाही. अशा अवस्थेत कॅमेरा गळ्यात टाकून दादरला संध्याकाळचा पूल चढलात, तर प्रत्येक कोपराचा धक्का थेट फोकसच्या यंत्रणेवर. बंद करण्याआधी लांबच्या कशावर तरी शटरचं बटण अर्धं दाबायचं, नळी आत गेली की मगच स्विच. आणि सगळे सांगतात तो यूव्ही फिल्टर? ४९ एमएमचा फिल्टर त्याच हलत्या नळीवर बसतो, म्हणजे धक्का पुन्हा नळीलाच. हूड (लेन्सपुढे लावायचं कडं) बाहेरच्या स्थिर अंगावर बसतो, मार तो खातो. कंपनीच्या ईएस-६८ हूडच्या मापाचा साधा स्थानिक हूड चालतो. कंपनीने डब्यात हूड दिला असता तर काय बिघडलं असतं, देव जाणे.

रंगाची झालर मात्र लेन्सचीच, तिथे नेटवाले खरे. फुलबाजारात उन्हातला मोगरा १.८ला काढा: फोकसच्या अलीकडच्या कळ्यांना जांभळट कड, पलीकडच्यांना हिरवट. स्टीलच्या भांड्यांवरही तेच. २.८ला बरीच कमी, ४ला जवळपास नाही. पण मंडपातल्या एलईडीखाली एका फोटोत पिवळी आणि पुढच्यात हिरवी दिसणारी मूर्ती लेन्सच्या माथी मारू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोठं अ‍ॅपर्चर मिळालं म्हणून शटर १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग) केलं की त्यातला तुकडाच पकडला जातो. १/१०० किंवा १/५० ठेवा.

मरीन ड्राइव्हचे दिवे एफ/११ला चौदा टोकांचे येतात, अ‍ॅपर्चरची पाती सात म्हणून. याच लेन्सच्या जुन्या ५० II आवृत्तीत पाती पाच, टोकं दहा. नवीच छान दिसते.

मुंबईच्या खोल्यांसाठी एक हिशेब कोणी देत नाही. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरची, १५००डीसारखी) उभा कॅमेरा धरून साडेपाच फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसवायला साडेबारा फूट मागे जावं लागतं. १० बाय १२च्या खोलीत पाठ भिंतीला लागली तरी पाय कापले जातात. बारशाला, हळदीला २४ एमएम एफ/२.८ घ्या, सहा-सात फुटांत काम होतं.

पावसाळ्यात लेन्स कपाटात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका आणि छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्के. तांदूळ नको, पीठ उडतं. जुनी घ्यायची असेल तर दुकानातच मागून मोबाइलचा टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे शोधा, आणि बॉडीला लावून जवळ-लांब फोकस दहा वेळा करून बघा. नळी मध्येच अडखळली किंवा करकरली, तर भाव कितीही पडू दे, घेऊ नका.