गेजवर १४ इंच व्हॅक्यूम, क्रँककेसमध्ये मात्र दाब: वापरलेलं ड्रॅग इंजिन घेताना झालेली फसवणूक

आठ सिलिंडरचं ड्रॅग इंजिन (सरळ, छोट्या ट्रॅकवरच्या वेगाच्या शर्यतीचं), त्याला क्रँककेसमधली, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या खालच्या बंद भागातली, हवा ओढून घेणारा, बेल्टवर चालणारा व्हॅक्यूम पंप. विकणारा स्वतः इंजिनं बांधणारा. त्यानं स्टँडवर इंजिन सुरू केलं, दोन-तीनदा रेस दिली आणि गेजकडे बोट दाखवलं. काटा १४ इंचांवर (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात). "बघा, रिंगा किती घट्ट बसल्यात. गेज खोटं बोलत नाही." सोबत लीकडाउन टेस्टचा (सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते मोजायची चाचणी) कागद दिला, आठही सिलिंडर ३-४ टक्क्यांत. मी पैसे मोजले.

त्याचं बोलणं पटण्यासारखंच होतं. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या वायू अडवणाऱ्या कड्या, कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनातला थोडा वायू पिस्टनच्या कडेनं क्रँककेसमध्ये उतरतोच, हाच ब्लो-बाय. त्याला वाट मिळाली नाही की आत दाब साठतो आणि जी सील कच्ची असेल तिथून तेल बाहेर पडतं. रस्त्यावरच्या गाडीत पीसीव्ही व्हॉल्व्ह इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमवर हा वायू ओढून घेतो. फुल थ्रॉटलला तो व्हॅक्यूम जवळजवळ उरतच नाही, आणि ड्रॅगची सगळी धाव फुल थ्रॉटलचीच. म्हणून कुणी मोठे ब्रीदर (वायू बाहेर सोडणारी तोंडं) लावतात, कुणी एक्झॉस्ट कलेक्टरला (धुराच्या नळ्या एकत्र येतात तिथे) नळी जोडून त्याच्या ओढीवर काम भागवतात, कुणी पंप बसवतात. पंप असला की कमी ताणाच्या रिंगा चालतात आणि घर्षण घटतं. पंपाच्या ताकदीपेक्षा ब्लो-बाय जास्त झाला तर मात्र व्हॅक्यूम पडतो. त्यामुळे १४ इंच टिकतात म्हणजे रिंगा धडधाकट, हा हिशेब चुकीचा नव्हता. ते गेज नेमकं कुठे जोडलंय, हे मात्र मी पाहिलं नाही.

तिसऱ्या पासला, म्हणजे ट्रॅकवरच्या तिसऱ्या धावेला, अर्ध्या ट्रॅकवर मागची मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी) जागेवरून निघाली. तेल टायरखाली आलं, गाडी भिंतीकडे सरकली. थ्रॉटल सोडला आणि कशीबशी सरळ ठेवली. मागून दुसरं कुणी त्याच तेलावर आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजूनही डोक्यातून जात नाही. ट्रॅक पुसून होईपर्यंत सगळ्यांच्या शर्यती थांबल्या.

विकणारा म्हणाला, "सील जुनी असेल, बदलून टाका." बदलली. पुन्हा तेच. तेव्हा माझ्या मेकॅनिकनं डिपस्टिकच्या (तेल मोजायच्या पट्टीच्या) नळीला, जी थेट क्रँककेसमध्ये उघडते, दुसरं गेज लावलं. इंजिन स्टँडवरच रेस केलं. विकणाऱ्याच्या गेजवर १४ इंच व्हॅक्यूम, आमच्या गेजचा काटा दाबाच्या बाजूला!

व्हॉल्व्ह कव्हरपासून (इंजिनावरच्या झाकणापासून, ते आतून क्रँककेसला जोडलेलं असतं) पंपाकडे जाणारा होज काढला. कव्हरच्या फिटिंगमध्ये ॲल्युमिनियमचा बूच ठोकलेला होता, त्याला मधोमध काडीएवढं भोक. गेजची नळी बूच आणि पंप यांच्या मधे जोडलेली. पंप त्या छोट्या बंदिस्त जागेतली हवा ओढत होता आणि गेज तेवढंच दाखवत होतं. पंप असल्यामुळे ब्रीदर बंद केलेले. रेग्युलेटर व्हॉल्व्ह व्हॅक्यूम जास्त झाला की बाहेरची हवा आत घेतो, आतला दाब बाहेर सोडत नाही. एवढ्या ब्लो-बायला काडीएवढं भोक कुठे पुरणार? सील निघणारच होती. असा बूच चुकून बसत नाही. कुणीतरी मापून, भोक पाडून तो ठोकलाय.

मग इंजिन गरम असताना आम्हीच लीकडाउन केली. सहा सिलिंडर बरे, दोन ३० टक्क्यांच्या वर. तेल भरायच्या तोंडाला कान लावला तर हवेचा फुसफुसाट स्पष्ट ऐकू येत होता, म्हणजे गळती रिंगांचीच. हेड उतरवून पिस्टन काढले तेव्हा दोघांचे रिंग लँड (रिंगांच्या खाचांमधल्या कडा) तुटलेले. तो कागद या इंजिनाच्या अशा अवस्थेचा असणं शक्यच नव्हतं.

फोन केला तर "तुम्हीच मिश्रण लीन (इंधन कमी) चालवलं असेल, रेसिंग इंजिनाला गॅरंटी नसते" एवढंच उत्तर. बिलावर फक्त "वापरलेलं इंजिन, जसं आहे तसं" लिहिलेलं, आणि होज उघडण्याआधी आम्ही एकही फोटो काढला नव्हता. ही चूक मला फार महाग पडली. तुम्ही असं काही उघडणार असाल तर आधी जागेवरचे फोटो घ्या, मगच पाना लावा.

आता कुणी विचारलं की सांगतो: लीकडाउन आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या टेस्टरनं करून घ्या. गेज डिपस्टिकच्या नळीवर किंवा पंपाच्या होजपासून लांब, पलीकडच्या व्हॉल्व्ह कव्हरवर लावायला सांगा. पंपाचा होज दोन्ही टोकांनी काढून आरपार बघा, फिटिंगमध्ये बोट घाला. जमलं तर पंपाचा बेल्ट उतरवून, तेलाचं झाकण उघडं ठेवून इंजिन थोडा वेळ चालवा. धूर ठोके दिल्यासारखा बाहेर येत असेल तर तिथूनच परत फिरा.

माझ्या इंजिनात नवे पिस्टन आणि रिंगा पडल्या. पंप तोच आहे, तो चांगला होता. शेवटच्या पासला डिपस्टिकच्या नळीवर ९ इंच दिसले आणि सील जागेवर होती.