धम्म अजंताचं १० दिवसांचं शिबिर: चिकाटीची खरी तालीम

चिकाटी ऐकून येत नाही, ती अंगात मुरावी लागते. त्यासाठी मराठवाड्यात जागा सुचवायची तर आम्ही छत्रपती संभाजीनगरजवळचं, वैजापूर रस्त्यावरचं धम्म अजंता हे विपश्यना (अंगातल्या संवेदना शांतपणे पाहत राहण्याचं ध्यान) केंद्र सुचवू. राहण्या-जेवणाची फी नाही. दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच.

पहाटे ४ ला घंटा होते. मोबाइल, वही, पुस्तक सगळं जमा. आपसात बोलणं नाही, खाणाखुणाही नाहीत. अडलं तर आचार्यांना विचारता येतं. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा, चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात.

खरा कस त्यानंतर लागतो, अधिष्ठानाच्या बैठकांत. सकाळी ८, दुपारी २.३० आणि संध्याकाळी ६ ला तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. अर्ध्या तासात गुडघा ठणकू लागतो. मग बरेच जण दात-ओठ खाऊन वेळ काढतात आणि तिथंच फसतात, कारण अंग आवळलं की कळ दुप्पट होते. जबडा, खांदे सैल सोडा. दुखऱ्या जागी अडकून न बसता डोक्यापासून पायापर्यंत क्रमानं संवेदना पाहत जा. कळ चढते, थांबते, ओसरते हे एकदा अंगाला कळलं की रागाची उसळी आणि कामाचा कंटाळाही तसाच बसून पाहता येतो. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा शिबिर करावं.

उशांचा ढीग रचू नका. बूड गुडघ्यांपेक्षा चार बोटं वर राहील इतपत एक घट्ट उशी पुरे. पाठीचं दुखणं असेल तर संकोच न करता खुर्ची मागा. ११ चं जेवण दाबून केलं की १ च्या बैठकीत डुलकी ठरलेली. नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि हलकं खाणं मिळतं, रात्रीचं जेवण नसतं. दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी घरी पळावंसं वाटतं, ते अनेकांना वाटतं. मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर अर्जात स्पष्ट लिहा. लपवून जाणं धोक्याचं आहे.

एप्रिल-मे टाळा, आपल्याकडचं ऊन ४० च्या पुढं जातं. रब्बीची पेरणी आटोपली की जा, पहाटेसाठी शाल ठेवा. आदल्या दुपारी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं असतं, म्हणून रजा १२ दिवसांची टाका.