जीडीबीची फ्रेम-ओळख: बरोबरी पक्की, क्रमवारी कच्ची

जीडीबी हा डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) फुकट आहे, १९८६ पासून आहे, आणि लिनक्सवर सी किंवा सी++ लिहिणाऱ्याचं त्याच्यावाचून भागत नाही. नागपुरात परसोडीचा आयटी पार्क असो, मिहान असो की व्हीएनआयटीची लॅब, त्याच्या कमांड सगळ्यांना येतात. पण स्टॅकवरची फ्रेम (एका फंक्शन-कॉलची जागा) 'तीच' आहे की 'दुसरी', हे तो कसं ठरवतो, तिकडे फारसं कुणी बघत नाही. 'नेक्स्ट' (पुढच्या ओळीवर जा), 'फिनिश' (फंक्शन संपेपर्यंत चाल) आणि लोकल व्हेरिएबलवरचा वॉचपॉइंट (किंमत बदलली की थांबवणारा) हे तिन्ही त्याच निर्णयावर चालतात. म्हणून हा आढावा फक्त तेवढ्याच भागाचा.

साध्या फ्रेमची ओळख दोन पत्त्यांनी बनते. पहिला सीएफए (कॅनॉनिकल फ्रेम ॲड्रेस), म्हणजे एक्स८६-६४ वर कॉल होण्याच्या क्षणाआधी आरएसपीत (स्टॅकचं टोक दाखवणाऱ्या रजिस्टरमध्ये) असलेली किंमत. दुसरा, फंक्शन जिथे सुरू होतं तो पत्ता. सीएफए म्हणजे आपला झिरो माइलचा खांब: गाडी कुठेही असो, अंतर खांबापासूनच मोजायचं. कॉल झाल्याबरोबर आरएसपी सीएफएच्या ८ बाइट खाली असतो, आरबीपी (फ्रेमचा आधार धरणारं रजिस्टर) पुश केल्यावर १६ आणि लोकलसाठी १६ बाइट घेतल्यावर ३२. आरएसपीला ओळख मानलं तर तीन इंस्ट्रक्शनमध्ये एकाच फ्रेमची तीन नावं होतील. सीएफए मात्र जागचा हलत नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. फॅक्टोरियलचं साधं रिकर्सिव्ह फंक्शन जीसीसीने ओ-शून्यवर (ऑप्टिमायझेशन बंद ठेवून) बांधा, तळाशी थांबा आणि प्रत्येक लेव्हलसाठी 'मेंट प्रिंट फ्रेम-आयडी' चालवा. कोडचा पत्ता सगळीकडे एकच, स्टॅकचा पत्ता दर लेव्हलला ३२ बाइटने वर. 'फिनिश'ला नेमकं हेच लागतं. रिकर्शनमध्ये परतीचा पत्ता प्रत्येक लेव्हलला सारखाच असतो, त्यामुळे तिथे ब्रेकपॉइंट लावून भागत नाही, कोणत्या फ्रेममध्ये परत आलो तेही जुळवावं लागतं.

मग कोडचा पत्ता कशाला? मेनने आधी एक फंक्शन बोलावलं, ते संपल्यावर दुसरं, तर दोघांचा सीएफए बहुधा एकच येतो. इनलाइन (बोलावणाऱ्याच्याच कोडमध्ये मिसळलेल्या) फंक्शनला स्वतःचा सीएफए नसतोच, म्हणून जीडीबी ओळखीत खोलीचा आकडाही धरतो. घर तेच, मजला वेगळा.

इथे एक खरी मर्यादा आहे. लूपमधून एकच फंक्शन दोनदा बोलावलं की दोन्ही वेळची ओळख हुबेहूब सारखी येते. जीडीबीच्या पायथनमध्ये पहिल्या वेळची फ्रेम जपून ठेवली, तर दुसऱ्या कॉलमध्ये 'इज-व्हॅलिड' खुशाल 'हो' म्हणतो. उपाय म्हणजे फिनिश-ब्रेकपॉइंट (फ्रेम परतताच थांबणारा) लावायचा आणि तो लागला किंवा स्कोपबाहेर गेला की जपलेली फ्रेम टाकून द्यायची. एरवी दोन फ्रेम जुळवायला '==' वापरा. फंक्शनचं नाव रिकर्शनमध्ये फसवतं आणि लेव्हलचा आकडा पुढच्याच कॉलला बदलतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या जिटच्या (प्रोग्राम चालू असताना तयार होणाऱ्या) कोडसाठी स्वतःचा पायथन अनवाइंडर (एका फ्रेमवरून तिच्या कॉलरकडे नेणारा कोड) लिहिताना. फ्रेमआयडीत चालू पीसी (आत्ताच्या इंस्ट्रक्शनचा पत्ता) भरला, तर कॉल झाल्यावर कॉलरची ओळख जुळत नाही आणि 'नेक्स्ट' बोलावलेल्या फंक्शनच्या आत जाऊन थांबतो. चालू आरएसपी भरला, तर पहिल्याच पुशला ओळख बदलते आणि फंक्शन चालू असतानाच 'ब्लॉक सोडला' असं सांगून वॉचपॉइंट उडतो. दुरुस्ती अशी: पीसी फंक्शनच्या पहिल्या इंस्ट्रक्शनवर असेल तर सीएफए म्हणजे आरएसपी अधिक ८, पुश झाल्यावर आरएसपी अधिक १६, आरबीपी बसल्यावर आरबीपी अधिक १६. फ्रेमआयडीत हा सीएफए आणि फंक्शनची सुरुवात द्यायची. कॉलरचा आरआयपी (म्हणजे पीसीच) सीएफए वजा ८ वरून वाचायचा, जुना आरबीपी सीएफए वजा १६ वरून (पुश व्हायच्या आधी तो रजिस्टरमध्येच असतो), आणि कॉलरचा आरएसपी म्हणजे खुद्द सीएफए. रिटच्या (परतीच्या इंस्ट्रक्शनच्या) तोंडाशी, आरबीपी पॉप झाल्यावर, पुन्हा आरएसपी अधिक ८. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते.

हाताने लिहिलेल्या असेंब्लीत हेच काम सीएफआय डायरेक्टिव्ह (सीएफए कुठे ते असेंब्लरला सांगणाऱ्या ओळी) करतात. पुशनंतर सीएफए-ऑफसेट १६ आणि आरबीपीचा ऑफसेट उणे १६, मूव्हनंतर सीएफए-रजिस्टर आरबीपी, लीव्हनंतर पुन्हा आरएसपी व ८. ते नसले की जीडीबी अंदाजावर चालतो, आणि अंदाज चुकला तर बॅकट्रेस (कॉलची यादी) 'आधीची फ्रेम हीच आहे, स्टॅक बिघडलाय का?' अशा अर्थाच्या संदेशावर अडकतो. मेमरी करप्ट झाली म्हणून शोध घेण्याआधी रीडएल्फ या टूलने फ्रेमचा तक्ता काढून बघा.

क्रमवारीवर मात्र आमचा भरवसा नाही. स्टॅक खाली वाढतो, तेव्हा बाहेरची फ्रेम वरच्याच पत्त्यावर असणार, हे जीडीबी दोन साध्या फ्रेमच्या बाबतीत गृहीत धरतो. कोरूटीनने (मध्येच थांबून पुन्हा चालू होणाऱ्या फंक्शनने) हीपवर स्वतःचा स्टॅक घेतला की हे गृहीत मोडू शकतं आणि चांगला बॅकट्रेस 'आधीची फ्रेम आतली आहे' म्हणून मध्येच तुटू शकतो. स्प्लिट-स्टॅकसाठी (तुकड्यातुकड्यांनी वाढणाऱ्या स्टॅकसाठी) मोअरस्टॅक या फंक्शनला नावानिशी सूट आहे, पण इतरांना तिचा उपयोग नाही. बरोबरीची तपासणी इतकी नेटकी असताना हा भाग असा तात्पुरता राहावा, याचं वाईट वाटतं.

अनवाइंडर लिहून झाला की फंक्शनच्या पहिल्या इंस्ट्रक्शनपासून रिटपर्यंत 'स्टेपआय' (एकेक इंस्ट्रक्शन पुढे) करत जा आणि दर पायरीला फ्रेम-आयडी छापा. एकाही जागी अंक बदलला, तर चूक त्याच इंस्ट्रक्शनपाशी आहे.