रजेवरचा शिपाई आणि प्रेम: तीन फ्रेंच चित्रपटांपैकी आधी कोणता?

रजेवर आलेल्या सैनिकाची प्रेमकथा पाहायची आहे आणि ती फ्रेंचच हवी, एवढं ठरलं असेल तर समोर मुख्यतः तीन चित्रपट येतात. मेल्विन व्हॅन पीबल्स यांचा ‘ला पर्मिस्याँ’ (‘द स्टोरी ऑफ अ थ्री-डे पास’ या इंग्रजी नावानेही शोधा), आन्येस वार्दा यांचा ‘क्लेओ फ्रॉम ५ टू ७’ आणि जाक देमी यांचा ‘द अंब्रेलाज ऑफ शेरबूर’. तिन्ही साधारण दीड तासाचे. पण रजा किती आणि प्रेम किती, याचं प्रमाण तिघांत फार वेगळं आहे. ते माहीत नसेल तर उत्तम चित्रपटही अर्ध्यावर बंद केला जातो.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत रजेभोवतीच फिरतो तो ‘ला पर्मिस्याँ’. फ्रान्समधल्या अमेरिकन तळावरचा कृष्णवर्णीय सैनिक टर्नर. कॅप्टन त्याला बढती देतो आणि वर तीन दिवसांची सुट्टी. तो पॅरिसला जातो, एकटाच भटकतो, रात्री एका क्लबमध्ये त्याला मिरियम ही गोरी फ्रेंच तरुणी भेटते आणि दोघं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जायचं ठरवतात. क्लबमध्ये टर्नर शिरतो ते दृश्य नीट पाहा: तो चालत नाही, तरंगत पुढे सरकतो. कॅमेऱ्याबरोबर नटालाही चाकांच्या ढकलगाडीवर उभं करून ढकललं की असं दिसतं. अमेरिकन दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या चित्रपटांतून ही युक्ती पुढे जगभर ओळखीची झाली. टर्नरला आरशात आपलंच दुसरं रूप दिसतं, आणि ते त्याला गोऱ्यांचा हुजऱ्या म्हणून टोचत राहतं. या प्रेमाला धोका आहे तो ओळखीच्या नजरांचा. किनाऱ्यावर तळावरचे गोरे सैनिक समोर येतात तिथून चित्रपटाचा सूर बदलतो.

व्हॅन पीबल्स शिकागोचे. दिग्दर्शनाची संधी मिळवायला ते फ्रान्सला गेले, फ्रेंच शिकले, फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या जोरावर तिथे दिग्दर्शकाचा परवाना मिळवला. १९६७च्या सॅन फ्रान्सिस्को महोत्सवात हा चित्रपट फ्रान्सतर्फे दाखवला गेला. मिरियम झालेल्या निकोल बेर्झे यांचा त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोटार अपघातात मृत्यू झाला होता. त्यांचा अभिनय इतका मोकळा आहे की टर्नरच्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमुळे होणारे घोटाळेही गोड वाटतात. चित्रपट सगळीकडे सारखा जमलेला नाही. मधले काही विनोदी तुकडे सैल आहेत. शय्यादृश्यात दोघांच्या मनात तरळणाऱ्या कल्पना मुद्दाम बोचऱ्या ठेवल्या आहेत: त्याला तो स्वतः जुन्या काळचा सरदार दिसतो, तिला आफ्रिकी टोळी दिसते. हे दृश्य आणि वांशिक शिव्या लक्षात घेता लहान मुलांबरोबर पाहू नका.

‘क्लेओ’मध्ये (१९६२) उलट आहे. क्लेओ ही पॉप गायिका. कर्करोगाच्या तपासणीचा निकाल संध्याकाळी कळायचा आहे आणि २१ जूनच्या त्या दुपारी पाच ते साडेसहा आपण तिच्याबरोबर पॅरिसभर फिरतो. रजेवरचा सैनिक आंत्वान तिला मोंसुरी बागेत भेटतो तेव्हा पडद्यावर उमटणाऱ्या वेळेनुसार सहा वाजून बारा मिनिटं झालेली असतात, म्हणजे चित्रपटाची शेवटची अठरा-वीस मिनिटं उरलेली. प्रेमकथाच पाहायची म्हणून बसणारे इथे हमखास फसतात. टोपीची खरेदी, टॅक्सी, कॅफे यांत त्यांचा धीर सुटतो. पण तो पहिला तास नसता तर बागेतली भेट उभीच राहिली नसती. त्या तासात सगळे क्लेओकडे पाहत असतात. पियानोपाशी ती गाणं म्हणते त्यानंतर ती स्वतः इतरांकडे पाहू लागते, आणि म्हणूनच आंत्वानचं बोलणं तिला ऐकू येतं. त्याला त्याच रात्री अल्जीरियातल्या युद्धावर निघायचं आहे आणि विनाकारण मरण्याची भीती आहे. तो सुचवतो: मी तुझ्याबरोबर इस्पितळात येतो, मग तू मला स्टेशनवर सोडायला ये. दोघं ६७ नंबरच्या बसने निघतात. मला विचाराल तर तिघांतला सर्वांत श्रेष्ठ चित्रपट हाच. सुरुवातीचा ज्योतिषाच्या पत्त्यांचा प्रसंग रंगीत आहे आणि पुढे कृष्णधवल सुरू होतं. कॉपी बिघडली असं समजू नका.

‘शेरबूर’मध्ये (१९६४) रजा अशी नाहीच, आणि दुखणं तिथेच आहे. १९५७च्या नोव्हेंबरात गॅरेजमधला मेकॅनिक गी याला दोन वर्षांच्या सक्तीच्या लष्करी सेवेसाठी बोलावणं येतं. छत्र्यांच्या दुकानातली त्याची प्रेयसी जनव्हिएव मागे राहते. गीची पत्रं विरळ होत जातात, तिला दिवस गेलेले असतात आणि दुकानावर कर्ज असतं. खलनायक कोणी नाही. आईसुद्धा व्यवहारी आहे, दुष्ट नाही. मध्ये एकदा आठ दिवसांची सुट्टी मिळाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न संपूर्ण चित्रपटभर छळतो.

इथे प्रत्येक संवाद गायलेला आहे, अगदी गॅरेजमधलं कामाचं बोलणंही. पहिली दहा मिनिटं विचित्र वाटेल, तेवढी जाऊ द्या. डब केलेली आवृत्ती अजिबात घेऊ नका, मिशेल लग्राँ यांचं संगीत शब्दांच्या लयीवर बसवलेलं आहे. रंगही तपासा. जुन्या प्रिंट्स विटल्या होत्या. देमींनी रंग वेगवेगळे करून जपलेल्या निगेटिव्हवरून वार्दांनी पुढे चित्रपट पुन्हा उभा केला, म्हणून पुनर्संचयित आवृत्तीच शोधा. भिंतींवरचे कागद भडक दिसले पाहिजेत. ते मळकट दिसले तर दुसरी कॉपी मिळेपर्यंत थांबा.

घरच्यांबरोबर बसणार असाल, किंवा फ्रेंच सिनेमा पहिल्यांदाच पाहणार असाल, तर ‘शेरबूर’ घ्या. रजेचे मोजके दिवस आणि त्यांची धास्ती हवी असेल तर ‘ला पर्मिस्याँ’. एकट्याने, फोन बाजूला ठेवून पाहणार असाल तर ‘क्लेओ’, आणि तोही एका बैठकीत, कारण मध्ये थांबवला की घड्याळाचा ताण निघून जातो.

तिन्ही पाहून झाले असतील तर जाक रोझिए यांचा ‘अद्यू फिलिपीन’ शोधा. टीव्ही स्टुडिओत काम करणारा मिशेल, दोन मैत्रिणी, कॉर्सिकातला उन्हाळा आणि अल्जीरियाचं बोलावणं. चित्रीकरण १९६०चं, पण ध्वनिमुद्रण निरुपयोगी ठरल्याने ओठांच्या हालचाली वाचून संवाद पुन्हा जुळवावे लागले आणि चित्रपट रखडला. त्यामुळे आवाज कुठे किंचित सुटा वाटला तर तो तुमच्या स्पीकरचा दोष नव्हे.