फाइंड_बाय_मोबाइल: गोड बोलतं, पण हातचं राखून

एका पतसंस्थेचं रेल्स 3.2 मधलं (रेल्स म्हणजे रूबी भाषेतलं वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) जुनं ॲप माझ्या गळ्यात पडलं. धास्तावूनच कोड उघडला, तर समोर 'मेंबर.फाइंड_बाय_मोबाइल', म्हणजे मोबाइल नंबरवरून सभासद शोध. जीव भांड्यात पडला. ही मेथड (नाव घेऊन चालवायचा कोडचा तुकडा) कुणी लिहिलेली नव्हती. टेबलात मोबाइल नावाचा कॉलम आहे, एवढ्यावर रेल्स 'मेथड_मिसिंग'मध्ये (न सापडलेल्या मेथडची हाक जिथे पोचते तिथे) ते नाव पकडतं, 'फाइंड_बाय'पुढचा भाग सोडवतं आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, बनवतं. 'फाइंड_बाय_ब्रँच_अँड_अकाउंट_नंबर'सुद्धा चालतं. एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसच्या भाषेची, एक ओळ न लिहिता. मी तर प्रेमातच पडले.

मग काउंटरवरून फोन आला. "मॅडम, नवऱ्याचा नंबर टाकला की बायकोचं पासबुक छापतंय!"

घरात मोबाइल एक, त्यावर खाती चार. फाइंड_बाय क्वेरीला 'लिमिट 1' (एकच ओळ दे) लावतं, 'ऑर्डर बाय' (या क्रमाने दे) लावत नाही. डेटाबेसने जी ओळ आधी दिली ती घ्यायची. बाकीच्या तिघांबद्दल चकार शब्द नाही, एरर तर नाहीच.

दुसरा प्रकार जास्त भयंकर. पासवर्ड बदलायच्या लिंकमधलं टोकन (सभासद ओळखायचा गुप्त कोड) गळालं, तर 'फाइंड_बाय_रीसेट_टोकन'ला निल, म्हणजे 'काहीच नाही', जातं आणि क्वेरी होते 'इज नल', म्हणजे 'टोकन रिकामं असलेला'. म्हणजे ज्यांनी कधी पासवर्ड बदलायला मागितलाच नाही, त्यांच्यातला कुणीतरी एक सभासद हाती येतो. हे टेस्टिंगमध्ये सापडलं म्हणून वाचलो. तेव्हापासून टोकन रिकामं असेल तर क्वेरीपर्यंत जाऊच देत नाही.

रेल्स 4.0 (2013) वर गेलो तर लॉग इशाऱ्यांनी भरून गेला: 'फाइंड_ऑल_बाय', 'फाइंड_लास्ट_बाय' वगैरे मंडळींना निरोप. दोन दिवस ते सगळं 'व्हेअर'मध्ये (अट देऊन शोधायची साधी मेथड) बदलत बसले. साध्या फाइंड_बाय_ला मात्र धक्का लागला नाही.

5 पैकी 3 तारे. सभासद क्रमांकासारख्या, युनिक इंडेक्स असलेल्या (तीच किंमत दोनदा येऊ न देणाऱ्या) कॉलमवर डोळे झाकून वापरा, आणि रेकॉर्ड असायलाच हवं तिथे शेवटी उद्गारचिन्ह लावलेलं रूप घ्या. ते निल देत नाही, सरळ बोंब मारतं. मोबाइल, आडनाव, गाव यांच्या वाटेला फाइंड_बाय घेऊन जाऊ नका.

आमच्या काउंटरवर आता नंबर टाकला की चारही नावं येतात. कॅशियर विचारतो, "कुणाचं छापू, काकू?"