ड्रेपरी पारखायची तर आधी खानाचा सेट मागा

खडे बाजाराच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर ही ड्रेपरी, म्हणजे नाटका-मिरवणुकीचे पोशाख भाड्यानं देणारं दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच हात जोडलेत. "शिवजयंतीला जिन्यावर पाय ठेवायला जागा नसती ओ, आणि माणसं कशाला पाठवतासा?" तरी लिहिते आहे. बेळगावात ज्याला शोधायचं तो शोधतोच.

आमच्या मंडळाच्या चित्ररथाची वेशभूषा माझ्याकडे असते. माहेर वडगावचं, घरात माग होते, त्यामुळे कापड बोटांत धरलं की निम्मं कळतं. उरलेलं निम्मं मिरवणुकीत कळतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, आणि त्यानंतर चित्ररथांची मिरवणूक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावा, मागे जनरेटर, डोक्यावर हॅलोजन, संवाद आधीच रेकॉर्ड केलेले. नरगुंदकर भावे चौकातून संध्याकाळी हललेली गाडी कपिलेश्वराकडे पोचेपर्यंत पहाट उजाडते. नाटकाचा ड्रेस तीन तास टिकला तरी पुरे. इथे मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर घाम पितो.

म्हणून मी अंगरखा आधी उलटा करून बघते. या दुकानात आतून मलमलचं अस्तर आहे, काखेत चौकोनी तुकडा घालून सैल केलेलं आहे, आणि पुढे बांधायचे खरेखुरे बंद आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी आता मागे चेन आणि पुढे शोभेच्या नाड्या असतात. मावळ्यानं तलवार उगारली की चेन उसवते, आणि पोरगं उरलेली रात्र एक हात पाठीला लावून लढतं. धुणंही इथे नीट होतं. नॅप्थलीनचा वास येतो, पण गेल्या वर्षीच्या घामाचा येत नाही.

पण महाराजांचा पोशाख आणि जिरेटोप चांगला असणं ही काही परीक्षा नव्हे. तो सगळेच चांगला ठेवतात, कारण गिऱ्हाईक आधी तोच बघतं. मी खानाचा सेट मागते. बहुतेक दुकानदार एकच हिरवा चकचकीत साटीनचा झगा काढतात. अफझलखानाला तोच, शाहिस्तेखानाला तोच, औरंगजेबाला वरून मोत्यांची माळ. इथे मालकांनी आधी विचारलं, "कुठला प्रसंग?" लाल महाल म्हटल्यावर त्यांनी जरीचा झगा कपाटात परत ठेवला आणि पातळ पांढरा जामा काढून दिला. 5 एप्रिल 1663 ची ती रात्र, रमजानचा महिना, खान झोपेतून उठून पळाला. तो दरबारी पोशाखात कसा असेल? आमच्या मंडळातल्या इतिहासाच्या मास्तरांनाही हे सुचलं नव्हतं. (मास्तर नंतर म्हणाले, सुचलं होतं. असो.)

यंदा आम्ही बेलवडीच्या मल्लम्माचा देखावा केला. आपल्याकडच्या पुस्तकांत ती सावित्रीबाई म्हणून भेटते. बेलवडी इथलंच, बैलहोंगल तालुक्यातलं. महाराज 1678 च्या सुमारास दक्षिणेची मोहीम आटोपून परतत होते तेव्हा त्यांच्या फौजेला या बाईनं गढी सत्तावीस दिवस दिली नाही. पुढे सखूजी गायकवाडानं तिच्याशी गैरवर्तन केलं म्हणून महाराजांनी आपल्याच सरदाराला कडक शिक्षा केली, अशी हकीकत बखरींतून आली आहे. धारवाडजवळच्या यादवाडला याच प्रसंगाचं म्हणून एक शिल्पही दाखवतात. देखावा ठरवताना मंडळात बरीच ओढाताण झाली. "आपल्या मिरवणुकीत आपल्याच फौजेला कमीपणा का?" असा एका गटाचा सूर. ती कथा इथे नको.

ड्रेपरीची गोष्ट अशी, की मल्लम्माचा सेट तयार कुणाकडेच नव्हता. एकानं कित्तूरच्या राणी चन्नम्माचा तसाच्या तसा गळ्यात मारायचा प्रयत्न केला. चन्नम्मा 1824 ची, दोघींत जवळपास दीडशे वर्षं! आमच्या या मालकांकडेही चन्नम्माचे सेट भरपूर, कारण ऑक्टोबरात कित्तूर उत्सवाला तिकडची मंडळं इथूनच नेतात. पण त्यांनी तो पुढे केला नाही. बायकोला हाक मारून कन्नडमध्ये काहीतरी बोलले, त्या आतून दोन जुनी इरकली लुगडी घेऊन आल्या. काष्टा असा बांधून दिला की घोड्यावर, म्हणजे आमच्या प्लायवूडच्या घोड्यावर, टांग टाकताना मुलीला कुठे अडलं नाही. तिच्या स्वार बायकांनाही एकसारखा गणवेश न देता पाच रंगांची लुगडी दिली. गावातल्या बाया लढायला उभ्या राहिल्यात, हे ट्रॉलीखालून बघणाऱ्यालाही कळत होतं.

सखूजी व्हायला कुणी तयार नव्हतं. शेवटी जो पोरगा उभा राहिला त्याला मालकांनी सगळ्यात नेटका अंगरखा दिला, मापाला दोनदा बोलावून. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "शिक्षा होनारा मानूस पन सरदारच की ओ."

बहिणीचा मुलगा ब्रुकलिनला असतो. त्याला मी आमचे फोटो पाठवले, तर त्यानं उलट त्याच्या शेजारच्या भागातल्या मिरवणुकीचा व्हिडिओ धाडला. विल्यम्सबर्गमध्ये इटालियन वंशाची जुनी वस्ती आहे. नेपल्सजवळच्या नोला गावातून आलेल्या लोकांनी 1903 पासून तिथे जुलैत जिल्यो उचलायची प्रथा ठेवली आहे. जिल्यो म्हणजे लिलीच्या फुलांनी मढवलेला, सात-आठ मजली उंच मनोरा. वजन चारेक टन, आणि तो शंभरावर माणसं खांद्यावर घेऊन रस्त्यात नाचवतात. वर चौथऱ्यावर अख्खा बँड बसलेला, गायकासकट! आपल्याकडे बेंजो पार्टीला कुणी खांद्यावर घेऊन दाखवावं. उपनगरांत आणि न्यू जर्सीला राहायला गेलेली घरंही त्या दिवशी खांदा द्यायला परत येतात, हे मला अगदी ओळखीचं वाटलं. आमची पुण्याची पोरं रजा टाकून येतात तसंच.

मी मात्र तो व्हिडिओ थांबवून बघितला तो दुसऱ्या वाहनासाठी. मनोऱ्यासमोर एक गलबत येतं, तेही खांद्यावर. नोलाचे बिशप पाउलिनस यांनी एका विधवेच्या मुलाऐवजी स्वतः गुलामी पत्करली आणि पुढे एका तुर्काच्या मदतीनं ते परतले, अशी दंतकथा. त्या गलबतावर तुर्क उभा असतो, फेटा, तलवार, भरजरी पोशाख. आणि तो तुर्क होणं हा वस्तीत मान समजतात. आमच्याकडे खान व्हायला चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. मालकांना दाखवलं तर त्यांनी फेट्याची बांधणी दोन बोटांनी मोठी करून बघितली आणि "पिन लावलीय" एवढाच शेरा दिला.

आता तक्रारी. दाढी-मिशा साफ टाकाऊ. गम घामाला दाद देत नाही. गणपत गल्लीत आमच्या दोन मावळ्यांच्या मिशा गळ्यात आल्या होत्या. रंगभूषा वेगळ्या माणसाकडून करून घ्या. जिरेटोप एकाच मापाचे, आत स्पंज कोंबून बसवतात आणि तो भिजला की टोप भुवयांवर उतरतो. मोजड्यांची अवस्था सांगण्यासारखी नाही. फोन उचलत नाहीत. डिपॉझिट भाड्याच्या दुप्पट, आणि हॅलोजननं चटका बसलेल्या एका शेल्यापायी माझे तीनशे रुपये कापले. शेला जुनाच होता, यावर माझं मत अजून बदललेलं नाही.

भाडं मावळ्याच्या पूर्ण सेटला 250 रुपये, सरदाराला 400, राजाच्या सेटला त्याहून बरंच वर. बाजारात यापेक्षा स्वस्त मिळतं, चेनवालं.

एक नोव्हेंबरच्या आसपास जाऊ नका. कर्नाटक राज्योत्सवाच्या रूपकांसाठी तेव्हा दुकान रिकामं झालेलं असतं, आणि त्याच दिवशी आपल्याकडचे मराठी लोक बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधात काळा दिवस पाळतात, त्यामुळे बाजारातलं वातावरणही निराळं असतं. मालक दोन्हीकडच्यांशी तेवढंच बोलतात, म्हणजे फार कमी. पावती कन्नडमध्ये मिळते, मराठीत मागितली तर मराठीत. शिवजयंतीचं बुकिंग गुढीपाडव्याच्या आधी करा, माप द्यायला ज्याला घालायचंय त्यालाच न्या, आणि मोजड्या घरच्या वापरा.