आईची कायनेटिक आणि सांवेर रोडचं ब्लास्टिंग वर्कशॉप

आईची कायनेटिक होंडा १९९१ ची. इथून, म्हणजे इंदूरहून, तासाभरावरच्या पीथमपूरच्या कारखान्यात बनलेली. रामबागेतल्या आमच्या घरी तिला अजून ‘बटणाची गाडी’च म्हणतात. बटण दाबलं की चालू, गिअर बदलायची भानगड नाही. साडी नेसून रोज शाळेत शिकवायला जाणाऱ्या आईला त्या काळी हीच गाडी जमली. बाबांनी आणि नंतर मामाने त्यावर दोनदा रंग चढवला होता. यंदा तो सगळा काढून गाडी पहिल्यासारखी करायचं मी ठरवलं.

सुरुवात वाईट झाली. घराजवळच्या एका पेंटरने डिकीच्या झाकणावर थिनर ओतला. रंग सुटला, पण खालचं प्लास्टिकही चिकट होऊन फुगलं आणि त्याच्या बोटांचे ठसे कायमचे उमटले. लोखंडाला चालतं ते प्लास्टिकला चालत नाही, हे मला त्या झाकणाची किंमत मोजून कळलं. पॉलिश पेपरने घासावं तर कडा आणि रेषा गुळगुळीत होतात. म्हणून बाणगंगेच्या पुढे, सांवेर रोडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या या ब्लास्टिंग वर्कशॉपमध्ये गेले. ब्लास्टिंग म्हणजे हवेच्या जोराने बारीक दाणे मारून रंग उडवणं.

भाव सांगायच्या आधी तिथल्या उस्तादांनी विचारलं, “दीदी, इसपे थिनर तो नहीं लगाया ना?” आणि मग प्रत्येक भाग उलटा करून पाहिला. प्लास्टिक कुठलं आहे ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी आतल्या बाजूने ब्लेडने नखाएवढी चकती काढून पाण्याच्या ग्लासात टाकली. साइड कव्हरची चकती बुडाली. पुढचं मडगार्ड आम्ही मागे बाजारातून डुप्लिकेट घेतलं होतं, त्याची तरंगली. बुडालेल्या चकतीवर अॅसिटोनचा थेंब टाकला तर ती चिकट झाली, म्हणजे एबीएस जातीचं प्लास्टिक. तरंगलेलीला काहीच झालं नाही, म्हणजे पीपी, पॉलिप्रॉपिलीन. पीपीवर साधा प्रायमर धरत नाही, पापुद्रे निघतात, त्याला वेगळा पीपी प्रायमर लागतो, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. माझ्या मडगार्डचा रंग दर पावसाळ्यात का सोलतो, ते कोडं त्या ग्लासात सुटलं.

वाळू त्यांनी हातातही घेतली नाही. वाळू फार कडक, ती प्लास्टिक खरवडून टाकते. प्लास्टिकचेच बारीक दाणे आणि काही ठिकाणी सोड्याची पूड, एवढंच मारलं. हवेचं प्रेशर २५ ते ३० पीएसआय (दाबाचं माप, टायरच्या हवेला असतं तेच). लोखंडी चासीला याच्या तिप्पट लावतात. नोझल हातभर लांब, तिरपं, आणि सतत हलतं. एका जागी थांबलं तर पातळ पॅनल तापून वाकतं. आधी आतल्या कोपऱ्यात दोन बोटं जागेवर करून दाखवलं, मला पसंत पडल्यावरच पुढे हात घातला. दाणे घासले की प्लास्टिकवर स्टॅटिक वीज चढते, म्हणून पॅनल ठेवायच्या जाळीला अर्थिंगची तार लावलेली होती. नोझल धरणारा मुलगा हवेची नळी लावलेलं हूड घालून होता. हे पाहून मला फार बरं वाटलं, कारण अशा कामाची धूळ फुप्फुसात जाते आणि किती तरी ठिकाणी पोरं नुसता रुमाल बांधून उभी असतात.

तिसऱ्या दिवशी फोन आला. डाव्या साइड कव्हरवरची लांबी, म्हणजे रंगाखाली भरलेली पुट्टी, उडाली होती आणि खाली वीतभर तडा निघाला होता. त्यांनी काम थांबवून मला बोलावलं. मी आईलाच घेऊन गेले. तिने तड्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, “हा मरीमाता चौकातला. पावसात घसरले होते, तू पोटात होतीस. तुझ्या बाबांनी कुणाला कळू न देता लांबी भरून आणली.” एवढी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं. उस्तादांनी त्याच थिनरने बिघडलेल्या झाकणाचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून तडा मागून सांधला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

तक्रारी दोन आहेत. चार दिवसांचं काम नऊ दिवसांनी मिळालं. पावसाळी हवेत सोड्याच्या गुठळ्या होतात हे कारण खरं असेल, पण मग तारीख तशी सांगायला हवी होती. दुसरं, स्क्रूच्या भोकांत सोडा राहिला होता. तो तसाच राहिला तर नवा रंग उचलतो. मी सगळे भाग घरी पाण्याने धुतले, जुन्या टूथब्रशने भोकं घासली, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुन्हा धुतले आणि दोन दिवस सावलीत वाळवले. तुम्हीही घेताना भोकं तपासा.

आठ भागांचे ३,२०० रुपये लागले. कडा, रेषा सगळं शाबूत आहे, आणि प्लास्टिक हाताला किंचित खरखरीत लागतं, प्रायमरला तेच हवं.

उजव्या कव्हरच्या आतल्या बाजूला त्यांनी रुपयाएवढी जागा मुद्दाम सोडली आहे. तिथे कंपनीचा मूळ लाल रंग आहे. आता पेंटर त्यावरून शेड मिळवतो आहे, आणि आई रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन डबा उघडून पाहते.